भोपळ्याची सात घरं

या, असे जवळ या. दारातून ऐकून कुणाला काही कळलंय का कधी? आणि तो मोबाइल पालथा ठेवा बघू, हातात असला की तुमचा अर्धा कान तिकडेच. किती वेळा सांगायचं, पण म्हातारीचं ऐकतंय कोण. बसा. खुर्ची नको, खालीच बसा. ज्यांच्याबद्दल सांगणार आहे ते डॉक्टर उभ्यानं कुणाचं ऐकत नसत.

कुत्र्यामांजरांचे डॉक्टर ते. माणिकपूरला रिक्षा स्टँडच्या मागे, एका शिंप्याच्या दुकानाला लागून त्यांचा दवाखाना होता. आत स्टीलचं उंच टेबल होतं, पण पहिली दहा मिनिटं त्याला कुणी हात लावायचा नाही. डॉक्टर जमिनीवर गोणपाट टाकायचे आणि जनावराकडे पाठ करून बसायचे. पाठ करून, बरं का. आपण इकडे काकुळतीनं सगळं गाऱ्हाणं सांगत असू, आणि हे भिंतीकडे तोंड करून नुसते "हं, हं" करणार. मग कुत्रं हळूच पुढे यायचं, त्यांची मान हुंगायचं, कान हुंगायचं. मांजर असेल तर पिशवीतून डोकं बाहेर काढायचं. डॉक्टर हलत नसत.

"आधी त्याला मला तपासू दे," म्हणायचे. "त्यानं पास केलं तर मी त्याला बघतो."

मूळचे सांगलीकडचे. अंगानं आडवे, आवाज एखाद्या तालमीतल्या वस्तादासारखा, पण दवाखान्यात तो आवाज कधी वर गेला नाही. तुम्हीही असे डॉक्टर पाहिले असतील, ज्यांच्या नुसत्या बसण्यानं आपलं निम्मं दुखणं कमी होतं. तसे होते. निदान मला तसे वाटले, आणि बरीच वर्षं वाटले.

दुसरी एक खोड होती त्यांची. औषध लिहून दिलं की ते आपल्याला सोडायचे नाहीत. कोणतं औषध कधी द्यायचं ते आपण आपल्या जनावराला मोठ्यानं सांगायचं, सगळ्यांसमोर. एकदा एक टायवाले साहेब आपला पग घेऊन आले होते. हा लठ्ठ, धाप लागलेला पग. साहेब इंग्रजीतून "ओके डॉक्टर, ओके" करत निघाले, तर डॉक्टरांनी दाराची कडीच धरली.

"मला नको, त्याला सांगा."

साहेबांनी आमच्याकडे पाहिलं. बाकावर आम्ही पाच-सहाजणी बसलेल्या, कुणाच्या मांडीवर मांजर, कुणाच्या पायाशी कुत्रं. खाली वाकले बिचारे. "लकी, तुला सकाळी अर्धी गोळी. संध्याकाळी अर्धी."

"आणि बिस्किटं?"

"बिस्किटं… बंद."

"त्याच्या डोळ्यांत बघून सांगा."

आम्ही पदर तोंडाला लावून बसलो होतो. साहेब गेल्यावर मी विचारलं, "डॉक्टर, हा काय तमाशा?" तर म्हणाले, "काकू, मला हो म्हणतात आणि घरी जाऊन विसरतात. जनावराला सांगितलं की तो शब्द होतो. दिलेला शब्द माणूस सहज मोडत नाही."

तपासणीत हात असा, की काय सांगू. आमच्याकडे मासे घेऊन येणारी फिलू, पाचूबंदरची, ती एकदा आपलं मांजर टोपलीत घालून घेऊन गेली. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. कुणी म्हणालं पोट बिघडलं, कुणी म्हणालं उन्हाचं आहे.

"डॉक्टर, पानी पन पीत नाय ओ," फिलू म्हणाली. "बोंबील समोर ठेवला तर त्वांड फिरवते. बोंबलाला नाय म्हननारी मांजर पाह्यली हाय का तुम्ही?"

डॉक्टरांनी त्या मांजराला अर्धा तास आपल्या पाठीला घासू दिलं. मग हळूच तोंड उघडून अंगठ्यानं जीभ वर केली. जिभेच्या मुळाशी हिरवा दोरा गुंडाळलेला. जाळं विणायचा. एक टोक जिभेला अडकलेलं आणि बाकीचा सगळा पोटात. फिलू तो ओढायला धावली तर त्यांनी तिचा हात धरला. "ओढायचा नाही. आतडं कापत जाईल." ऑपरेशन करून काढला. मांजर वाचलं, आणि तेव्हापासून फिलू जाळं शिवायला बसली की आधी मांजराला खोलीत कोंडते.

तर अशा माणसाकडे मी माझा भोपळ्या नेत होते.

भोपळ्या मला वाडीत सापडला, भोपळ्याच्या वेलाखाली, म्हणून भोपळ्या. आम्ही सांडोरचे. केळी, थोडी भाजी, फुलं. सापडला तेव्हा ओंजळीत मावत होता. पुढे मात्र गावठी असून असा भरला, की वजनकाट्यावर तीस किलोच्या पुढे गेला. तांबडा रंग, रुंद छाती. आमचे हे म्हणायचे, "आपल्या घरात खाल्लेलं अंगी लागणारा हा एकटाच."

तीन वर्षांचा असेल, लस द्यायला नेला होता. डॉक्टर त्याच्याकडे बघत राहिले. म्हणाले, "काकू, एक मागू का?"

आतल्या खोलीत एक मोठा अल्सेशियन पडला होता. गोचिडीचा ताप. आपल्याकडे हा ताप घरोघरी, तुम्हाला सांगायला नको. गोचीड चावते, रक्तात जंतू सोडते, आणि ते जंतू रक्त खातात. त्या कुत्र्याच्या हिरड्या चुन्यासारख्या झाल्या होत्या. कुत्र्यांची रक्तपेढी आपल्या वसई-विरारला असल्याचं आम्हाला तरी माहीत नव्हतं. दुसऱ्या कुत्र्याचं रक्त काढायचं आणि तिथल्या तिथे चढवायचं, हाच उपाय.

मी घरी फोन केला. हे म्हणाले, "रक्त म्हणजे काय अळू आहे, कापलं की पुन्हा फुटायला?"

"डॉक्टर म्हणतात फुटतं."

"मग विचार त्या कुत्र्याला. मला काय विचारतेस."

आणि डॉक्टरांनी खरंच विचारलं. आधी त्याचं थेंबभर रक्त काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, रक्तात लाल भाग किती तो टक्का मोजला, अल्सेशियनच्या रक्ताशी मिसळून पाहिलं. मग भोपळ्याच्या समोर बसले. पाठ करून नव्हे, तोंडासमोर. म्हणाले, "आज देशील का? तीन महिन्यांच्या आत पुन्हा मागणार नाही. आणि काकूंना विचारल्याशिवाय तुला सुई लावणार नाही." मग माझ्याकडे वळले. "शब्द त्याला दिलाय. तुम्ही साक्षीला."

मानेच्या डाव्या बाजूचे चार बोटं केस काढले, कुशीवर निजवलं. मी त्याचं डोकं मांडीवर धरून बसले. पिशवी भरेपर्यंत तो माझ्या बांगड्या चाटत होता. तेव्हाच डॉक्टरांनी मला हिरडी बघायला शिकवलं. अंगठ्यानं दाबायची, पांढरी होते, सोडायची, आणि एक-दोन म्हणेपर्यंत गुलाबी परत आली पाहिजे. "हे रोज बघत जा," म्हणाले. "हे कळलं की अर्धी डॉक्टरकी आली."

त्या रविवारी दुपारी आमच्या फाटकाशी एक गाडी थांबली. नवरा, बायको, आणि तो अल्सेशियन. हातात डबा. डब्यात उकडलेली कलेजी. डॉक्टरांनी पाठवलं होतं. त्यांचा नियमच तो, ज्याचं रक्त घेतलं त्याच्या घरी रविवारी कलेजी घेऊन जायचं, आपलं कुत्रं दाखवायचं आणि बसून चहा प्यायचा. "रक्त घेतलं म्हणजे सोयरीक झाली," म्हणायचे. "सोयऱ्याच्या घरी पाय नको लागायला?"

दोन वर्षांत अशी सहा घरं झाली. कुणी विरारचं, कुणी माणिकपूरचं, सगळे फ्लॅटवाले. आमच्या वाडीत येऊन केळीखाली चटई टाकायचे. जाताना मी प्रत्येकाला एक फणी केळी द्यायचे. आमची माणसं लांब गेलेली, मुलगा पुण्याला, घरात दोन म्हातारे. आणि दर थोड्या महिन्यांनी एखादं नवं घर जोडलं जायचं, एका गावठी कुत्र्यामुळे. मी गावात सांगत फिरायचे, माझ्या भोपळ्याची सहा घरं आहेत म्हणून. हसा तुम्ही. पण मला सुनेच्या माहेरचं कौतुक नव्हतं तेवढं ह्या घरांचं होतं.

सहाव्या वेळेनंतर पाचच आठवडे झाले होते. आमच्या भाचीचं लग्न नाशिकला. एरवी भोपळ्याला शेजारी बघायचे, पण तेही लग्नाला येणार होते. मी डॉक्टरांना विचारलं, कुठं सोय होईल का.

"कुठं म्हणजे? माझ्याकडे. घरचाच आहे तो."

चार दिवस ठेवला. निघताना मी त्याला म्हटलं, "डॉक्टरकाकांना त्रास देऊ नकोस." किती निर्धास्त गेले म्हणून सांगू. लग्नात जेवताना दर पंगतीला लोकांना सांगत होते, आमचा कुत्रा डॉक्टरांच्या घरी आहे.

परत आलो, तशी बॅगा घरी टाकून दवाखाना गाठला. भोपळ्या उठून आला, पण शेपटी हलवून परत बसला. मानेच्या उजव्या बाजूला चार बोटं केस काढलेले.

"हे काय?"

"गोचीड चिकटली होती," डॉक्टर म्हणाले. "काढायला केस कापावे लागले."

मी हिरडी दाबली. सोडली. एक, दोन, तीन. गुलाबी यायला वेळ लागत होता, आणि आली ती फिकटच.

"डॉक्टर, हिरडी फिकी दिसते."

"जेवला नाही चार दिवस नीट. तुमची आठवण काढली. टॉनिक देतो, भरून येईल."

हे सगळं ते उभ्यानं बोलत होते. मला काही खटकलं नाही. उलट मलाच वाईट वाटलं, माझ्याविना जेवला नाही म्हणून. घरी येऊन मी ह्यांना म्हटलं, "पुन्हा कुठं लग्नाला जायचं नाही." आणि त्या गोचिडीचा मी असा धसका घेतला, की दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं म्हातारे वाडीभर गोचिडी शोधत फिरलो. गोठ्याच्या जुन्या भिंतीच्या फटी, चटया, पोती. हे कमरेत वाकलेले, हातात चिमटा. "ह्या वयात गोचिडीची शिकार," म्हणाले. सगळी पोती उन्हात टाकली, भिंतीला चुना काढला. आठ दिवस.

दहाव्या दिवशी भोपळ्याला ताप चढला. लघवी गडद, चहासारखी. मी फोन केला तर डॉक्टर पंधरा मिनिटांत स्कूटरवरून हजर. काचेवर रक्त घेऊन दवाखान्यात जाऊन पाहून आले नि म्हणाले, गोचिडीचाच ताप आहे; जंतू रक्तात दडून असतात, अंग कमजोर झालं की उठतात. इंजेक्शन दिलं. मग रोज येऊ लागले. दवाखाना बंद करून, रोज दुपारी चारला. कधी स्वतःच्या हातानं त्याला पेज भरवायचे. मी म्हणायचे, "असा डॉक्टर मिळायला पुण्य लागतं," आणि चहात आलं जरा जास्त किसून घालायचे. ते मान खाली घालून चहा प्यायचे. मला वाटायचं, थकलेत.

मग रविवार आला. दुपारी फाटकाशी एक तरुण बाई रिक्षातून उतरली, बरोबर चॉकलेटी रंगाची लॅब्रडॉर. हातात डबा. मला कळेना. मी म्हटलं, बाई घर चुकली.

"आजी, हेच ना भोपळ्याचं घर?" ती म्हणाली. "मला यायला उशीर झाला, सॉरी हं. डॉक्टर म्हणत होते इतक्यात जाऊ नका, त्यांच्याकडे लग्न आहे, मग म्हणाले थोडं थांबा. पण मला राहवेना. रॉकीच्या घरून पत्ता घेतला."

रॉकी म्हणजे आमचं चौथं घर.

"ही कॉफी," ती सांगत होती. "माझ्या आईची. आई गेली मागच्या वर्षी. आता घरात आम्ही दोघीच. त्या दिवशी डॉक्टर म्हणाले होते, संध्याकाळपर्यंत राहणार नाही. आणि मग ते भोपळ्याला घेऊन आले. त्याच्याशी सारखं बोलत होते, माफ कर म्हणत होते. मला वाटलं, किती प्रेमळ डॉक्टर."

मी डबा घेतला. चहा केला. काय बोलले आठवत नाही. तिला काही सांगितलं नाही, एवढं आठवतं. ती पोर आणि ती कुत्री, दोघींचा त्यात काय दोष? फक्त केळी द्यायला विसरले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझ्या वाडीतून रिकाम्या हातानं गेलं.

सातवं घर. माझ्या कुत्र्याचं सातवं घर मला माहीत नव्हतं.

चारला डॉक्टर आले. ओटीवर तो डबा तसाच होता. त्यांनी डबा पाहिला, मला पाहिलं, आणि बॅग खाली ठेवली. अंगणात, मातीत बसले. माझ्याकडे पाठ करून. मला काय कुत्रं समजले होते की काय, जाऊन त्यांची मान हुंगायला? मी ओटीवरून उठले नाही.

"किती घेतलंत?" मी विचारलं.

"पूर्ण पिशवी."

"टक्का बघितलात?"

"बघितला. कमी होता."

"आणि तरी?"

"तरी."

"माझा फोन नंबर नव्हता तुमच्याकडे?"

मातीतला एक खडा उचलून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "फोन हातात घेतला होता, काकू. तुम्ही नाही म्हणाला असता."

"म्हटलंच असतं."

"मग कॉफी मेली असती."

"मेली असती," मी म्हणाले. माझ्याच तोंडून ते ऐकून मला कसंतरी झालं, पण शब्द मागे घेतला नाही. "म्हणून तुम्ही मला विचारलंच नाहीत. मी नाही म्हणू शकते, म्हणून. आणि वर मला गोचिडीची गोष्ट सांगितलीत. ह्या माणसाला कमरेत वाकवून आठ दिवस वाडीभर फिरवलंत."

आमचे हे दारात उभे होते. ते कधी कुणाला लागेल असं बोलत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "डॉक्टर, तुम्ही मागितलं असतंत तर हिनं शिव्या दिल्या असत्या, रडली असती, आणि शेवटी दिलं असतं. तुम्हाला एवढी वर्षं झाली, तुम्ही जनावरं तपासलीत. हिला तपासलं नाहीत."

खरं सांगू? मला आजही माहीत नाही, मी दिलं असतं की नसतं. हे मला फार चांगली समजतात. पण ते ठरवायचा हक्क माझा होता, आणि तो माझ्या पाठीमागे घेतला गेला. हे ज्याला कळत नाही त्याला बाकीचं सांगून उपयोग नाही.

इथं गोष्ट संपली असती तर मी डॉक्टरांचं तोंड पुन्हा पाहिलं नसतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी भोपळ्याची हिरडी पांढरी पडली. दाबायलाही काही उरलं नाही. दुसरा डॉक्टर कुठला शोधणार? ज्यानं रक्त काढलं त्याच्याच दारात जावं लागलं. हे म्हणाले, "राग नंतर करू. राग काही नासत नाही."

"रक्त द्यावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

"मग बोलवा सोयऱ्यांना. सात घरं आहेत."

त्यांनी मान हलवली. "ज्या कुत्र्यानं रक्त घेतलंय, त्याचं रक्त दुसऱ्याला देता येत नाही, काकू. सातही बाद."

बघा म्हणजे. सात घरी दिलं आणि एका घरून परत मागता येईना. त्यांच्या यादीत आणखी तीन कुत्री होती. एक आजारी, एक म्हातारं, एकाचे लोक गावाला. डॉक्टर फोनवर फोन लावत होते. मी तिथून उठले आणि रिक्षा करून पाचूबंदरला गेले. फिलूच्या दारात एक काळा कुत्रा असतो, भोपळ्यापेक्षाही थोराड.

माशांचा लिलाव चालू होता, फिलू टोपल्यांच्या मधे. मी तिला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. डॉक्टरांनी काय केलं तेही सांगितलं. म्हटलं, "तू नाही म्हणालीस तर मी रागावणार नाही. मीही नाहीच म्हटलं असतं."

फिलूनं हात पुसले. "डॉक्टर आला असता तर दिला नसता," म्हणाली. "तू त्वांडानं मागितलंस, खरं बोललीस. चल. पन बाय, मी सोबत येनार. सुई निघेपर्यंत माझ्या कुत्र्याला मीच धरनार. तुझा डॉक्टर देव असला तरी."

दोन कुत्री, दोन बायका, मधे डॉक्टर. फिलू आपल्या काळ्याच्या डोक्याशी, मी भोपळ्याच्या. रक्त थेंब थेंब पडत होतं आणि डॉक्टर त्या नळीकडे बघत उकिडवे बसले होते. कपाळावरचा घाम पुसायलाही हात उचलला नाही. दुपार झाली. मग हळू आवाजात म्हणाले, "हिरडी बघा."

मी बघितली. केळफुलाच्या आतल्या पाकळीसारखी, फिकी, पण गुलाबी.

भोपळ्याला घेऊन घरी आले. पुढची औषधं हे जाऊन आणायचे. मी त्या दवाखान्याची पायरी पुन्हा चढले नाही. रविवारी कुणी फाटकाशी आलं तर हे बाहेर जाऊन सांगायचे, बरं नाही तिला. हळूहळू घरं यायची थांबली. एवढी माणसं जोडली होती, ती मीच तोडली, त्यांचा काही अपराध नसताना. कॉफीची ताई तेवढी फोन करत राहिली. चिवट पोरगी. तिला पुढे कुणीतरी सगळं सांगितलं. रडली फोनवर. मी म्हटलं, तू कशाला रडतेस, तू काय केलंस.

त्यानंतर डॉक्टरांनी कुणाचंच रक्त घेतलं नाही म्हणे. रक्त लागलं की मुंबईला जा म्हणायचे. ऐकल्यावर आधी मला बरं वाटलं. मग कळलं, एक कुत्रं वाटेतच गेलं, गाडीत. तेव्हापासून बरं वाटत नाही. पण त्याचा हिशेब मी कुणाला विचारू?

तीन वर्षांपूर्वी त्यांनी दवाखाना बंद केला, गावी गेले. निरोपाच्या दिवशी माणिकपूरला रस्ता भरला होता म्हणे कुत्र्यामांजरांनी. मी गेले नाही. केळ्यांची एक फणी मात्र काढून ठेवली होती, कुणाबरोबर पाठवावी म्हणून. कोपऱ्यात तशीच पिकली, काळी पडली, शेवटी गाईला घातली. दवाखान्याच्या जागी आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

भोपळ्या तेरा वर्षांचा झालाय. तो काय, पायरीवर निजलाय, ऐकू येत नाही त्याला. त्याच्या पोटात गाठ आहे. नवी डॉक्टरीण चांगली आहे, प्रेमानं बघते. मशीन फिरवून सांगते, ऑपरेशन करू. विरारचा डॉक्टर म्हणतो, ह्या वयात चिरू नका. मुलगा फोनवर म्हणतो, आई, डॉक्टर सांगतात ते कर. मी सगळ्यांना मान हलवते. आणि आत म्हणते, ह्यातलं मला काहीच खरं वाटत नाही. ज्या एका माणसाच्या बोटांवर माझा विश्वास आहे, तोच माझ्या तोंडावर खोटं बोललेला आहे. आता ह्याला काय म्हणाल तुम्ही? मी तर विचार करायचं सोडलं.

म्हणून तुम्हाला सांगितलं ते सगळं लिहूनही काढलंय. कॉफीच्या ताईकडे त्यांचा पत्ता आहे, ती पाठवणार आहे. तेव्हा आता तुम्ही जरा गप्प बसा, पुढचं त्यांच्यासाठी आहे.

डॉक्टर, मी विसरले नाही. माफ केलंय असंही समजू नका, आणि मागायलाही येऊ नका. तो विषय मी काढणार नाही, तुम्हीही काढायचा नाही. तुम्ही यायचं, त्याच्या पोटाला हात लावायचा, आणि आत काय आहे, किती दिवस आहेत, कापायचं की राहू द्यायचं, ते मला सांगायचं. मला. वाईट असेल तर वाईट. मी सोसेन. सकाळचा तो जरा हुशार असतो, दुपारनंतर उठत नाही. तेव्हा पहाटेच वसई रोडला उतराल अशी गाडी बघा आणि सांडोरची रिक्षा करा. पुढच्या महिन्यावर ढकलू नका. ह्या आठवड्यातच या.